ताट आधी तिचं

मे महिन्यात आमच्या घरातली फोडणी बंद झाली. तेलात लसूण पडला की हिला ढवळायला लागायचं आणि ती ओढणी नाकाला धरून गॅलरीत जाऊन उभी राहायची. कुकरची शिट्टी झाली तरी तेच. शिजत्या भाताला, उकळत्या डाळीला एवढा वास असतो याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. गावाकडून आलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी, जिच्याशिवाय आमच्याकडे कालवण होत नाही, ती बरणीसकट शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिली.

आम्ही साताऱ्यात गोडोलीला दोन खोल्यांत राहतो. ही कोरेगावला एका पतसंस्थेत कामाला, मी एमआयडीसीत पहिल्या पाळीला. माझी आई माणमध्ये गुराढोरांत अडकलेली, सासूबाई सांगलीत. दुपारी साडेतीनला मी सुटतो आणि हिची एसटी सहाच्या आसपास येते. मधला वेळ माझ्या हातात होता, म्हणून स्वयंपाकही माझ्याच हातात आला. यावर आमच्यात काही चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

गरोदरपणाच्या त्या पहिल्या महिन्यांत मला नवे पदार्थ फारसे शिकावे लागले नाहीत. शिकावं लागलं ते वासाचं आणि वेळेचं गणित. वास वाफेबरोबर येतो; तोच पदार्थ निवला की निम्मा त्रास कमी होतो. म्हणून ती घरी पोचायच्या आत खिडक्या सताड उघडून रांधायचं, भांडी लगेच घासायची, कचऱ्याची बादली खाली नेऊन रिकामी करायची, आणि वाढायचं ते कोमट किंवा गार. बिनफोडणीचा दहीभात, वर डाळिंबाचे दाणे. ज्वारीची आंबील, ताक आणि चिमूटभर मीठ घालून गार केलेली. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी हातावर मूठभर लाह्या, नाहीतर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, कारण पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. उलटी झाली की लगेच ‘आता जेवतेस का’ म्हणून मागे लागायचं नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग लिंबू-साखर-मिठाचं पाणी घोट घोट. लसणाच्या फोडणीने जीव नकोसा होणारी ही, मेव्हण्याने सांगलीहून पाठवलेलं लसूण घातलेलं भडंग मात्र मुठीमुठीने खायची. याला तर्क नाही आणि मागूही नये. पोटात काहीतरी टिकलं, तेवढं पुरे.

चौथ्या महिन्यात तोंडाला चव आली आणि हिला एकाएकी हुलग्याचं माडगं आठवलं. तिची आजी थंडीत करायची ते. हुलगे आमच्या माणमध्ये पिकतात. पाऊस कमी, त्यामुळे बाजरी, मटकी, हुलगा हेच आमचं धान्य. आईने एसटीच्या वाहकाकडे पिशवी दिली, मी ती स्टँडवर जाऊन घेतली. हुलगे मंद आचेवर भाजून भरडून आणले, पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडलं आणि गुठळी होऊ नये म्हणून हात थांबू न देता ढवळत राहिलो. गूळ, सुंठ, वरून तूप. हिने वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, “आजीचं जरा पातळ असायचं.” दुसऱ्या दिवशी पातळ केलं. डोहाळे पुरवणं म्हणतात ते बहुतेक असंच असावं. सणासारखं एक दिवस नटवून साजरं करायचं नसतं, रोज विचारायचं असतं आणि रोज थोडं बदलायचं असतं.

भाकरी मला थापता येते याचं आमच्या इमारतीत कौतुक होतं. ते मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. माझे आजोबा 1940 च्या दशकात माणमधून साताऱ्याला शिकायला आले, ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. कर्मवीरांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या त्या वसतिगृहात 1927 मध्ये गांधीजी आले होते. त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि रांधण्यापासून झाडलोटीपर्यंतची कामं पोरंच वाटून घेत. आजोबा तिथे भाकरी शिकले. पीठ किती मळायचं, पाण्याचा हात कधी फिरवायचा, निखाऱ्यावर कडेने कशी फिरवायची, हे मी लहानपणी त्यांच्या तोंडूनच ऐकलं.

तोंडूनच, कारण लग्नानंतर त्यांनी तव्याला हात लावल्याचं घरात कुणी पाहिलं नाही. आजी बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत चुलीपुढे बसायची. मला आजोबांबद्दल अपार आदर आहे. शिकलेली पहिली पिढी आमच्या घरात त्यांच्यामुळे झाली. पण बोर्डिंगात जातीचा विटाळ मोडणारे ते हात घरातल्या चुलीपाशी का थांबले, हा प्रश्न मला सतत पडत राहतो. आमच्या भागात जत्रेला पुरुष शेकडो माणसांचं मटण शिजवतात, लग्नात आचारी पुरुषच असतात. घरात दोन माणसांपुरतं रांधलं की मात्र लोक म्हणतात, बायकोला मदत करतो. ती पोटात बाळ वाढवते आहे. या घरात त्याहून मोठं काम सध्या दुसरं नाही. राहिलेलं काम मी करतो, यात मदत कुठे आली?

पाचव्या महिन्यात हिचं हिमोग्लोबिन 9.6 निघालं. गरोदरपणी ते 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे हे काही आमच्या एकट्याच्या घरचं दुखणं नाही. डॉक्टरबाईंनी गोळ्या वाढवून दिल्या आणि मग मलाच समोर बसवून घड्याळ समजावून सांगितलं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही. गोळीच्या किंवा जेवणाच्या जवळपास चहा नको, कारण चहातला कषाय भाग लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू बरोबर असला तर लोह चांगलं शोषलं जातं.

मग राजवाड्याकडच्या मंडईत माझी फेरी वाढली. तांदुळजा, लाल माठ, शेपू, मेथी, जे ताजं दिसेल ते. आईकडून बिडाचा तवा आणि लोखंडी कढई आणली. चिंच-गुळाची आमटी कढईत शिजवली की थोडं लोह उतरतं, फक्त ती कढईतच ठेवून द्यायची नाही, लगेच काढून घ्यायची. कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजवून उसळ. सासूबाईंकडून तासगावचे बेदाणे आले होते, ते रात्री भिजवून सकाळी. संध्याकाळचा चहा सोडणं हिच्या जिवावर आलं असतं, म्हणून तो बंद केला नाही, पुढे ढकलला.

पण हिमोग्लोबिनचा विचार करताना मला पालेभाजीपेक्षा ताटांचा क्रम जास्त खटकला. माझी आजी, माझी आई कायम शेवटी जेवल्या. पातेल्याच्या तळाशी उरेल ते कालवण, सगळ्यांना वाढून राहिलेली भाकरी, दूध पोरांना, तूप कर्त्यांना. दिवस गेलेले असतानाही क्रम तोच. ज्या घरात बाई शेवटी जेवते तिथे तिच्या रक्तात लोह कुठून येणार? आमच्याकडे आता आधी ताट हिचं होतं. पाहुणे असोत, माझे वडील आलेले असोत. वडील पहिल्यांदा थोडे गप्प झाले. पुढच्या वेळी आले तेव्हा स्वतःच म्हणाले, “सूनबाईला वाढ आधी.”

7 सप्टेंबरला, रविवारी रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून आईचे फोन. “गिरान हाय, तिला इळीला हात लावू दिऊ नगं.” मी म्हटलं, “आई, इळी माझ्याच हातात आहे.” पलीकडे क्षणभर शांतता, मग आई हसली आणि म्हणाली, “मग काय, बरंच झालं की.” आमच्याकडे ग्रहणाचा प्रश्न असा सुटला. उपाशी मात्र हिला ठेवलं नाही. गरोदर बाईने तासन्‌तास पोट रिकामं ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. नऊच्या आत ज्वारीची भाकरी, दुधी भोपळ्याची भाजी आणि ताक झालं, आणि नंतर ही गच्चीवर आली. ढगांच्या फटींतून तांबूस चंद्र दिसला, लपला, परत दिसला. बाळ त्या रात्री खूप हलत होतं असं ती म्हणाली.

दिवाळी झाल्यावर डोहाळजेवण झालं. सासूबाई सांगलीहून आल्या, आई गावाहून आली, काकूंनी फुलांचे दागिने गुंफले. पुरण आणि कटाची आमटी मी आणि माझ्या मावसभावाने केली, पोळ्या मात्र आईने. त्यात वाट्या उचलण्याचा खेळ असतो. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून गोड आहे. पण पेढा निघाला की टाळ्या जरा जास्त वाजतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आमच्या जिल्ह्यात तरी हे विसरता येत नाही. नको असताना झाली म्हणून मुलीचं नावच ‘नकुशा’ ठेवायचं, अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना 2011 मध्ये साताऱ्यात जाहीर कार्यक्रमात नवी नावं द्यावी लागली. आणि हिच्या माहेरच्या जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, 2017 च्या मार्चमध्ये ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. तरीही हे घडलं. हिने आदल्या रात्रीच ठरवलं होतं. दोन्ही वाट्यांत साताऱ्याचे कंदी पेढे ठेवले. वाटी उघडली, पेढा निघाला. दुसरी उघडली, पेढाच. सासूबाई आधी गोंधळल्या, मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं जेवण तो पेढा होता.

नोव्हेंबरअखेर ही रजेवर सांगलीला गेली. कायद्याने तिला 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात. माझ्यासारख्या खासगी कारखान्यातल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. मी साठवलेल्या रजा जानेवारीसाठी राखून ठेवल्या आहेत. तोवर शनिवारी पाळी सुटली की एसटी धरतो, कराड, पेठ नाका, आष्टा करत रात्री सांगली.

तिथे पहिल्यांदा ओट्याशी उभा राहिलो तेव्हा सासूबाई कासावीस झाल्या. “जावईबापू, तुम्ही बसा हो, लोक काय म्हणतील.” मी म्हटलं, “आई, बाळंतिणीचं सगळं मला तुमच्याकडूनच शिकायचंय. साताऱ्याला गेल्यावर तिला कोण करून घालणार?” यावर त्यांनी कपाटातून ‘रुचिरा’ काढलं. पानं सुटलेली, कडेला पेन्सिलीच्या खुणा. कमलाबाई ओगले मूळच्या कुंडलच्या, लग्नानंतर सांगलीत नांदल्या. 1970 मध्ये निघालेल्या त्यांच्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापात मराठी स्वयंपाक लिहून ठेवला. नवख्याला ते माप फार धीर देतं. पण सासूबाईंचे डिंकाचे लाडू त्यात सापडत नाहीत. डिंक तुपात थोडा थोडा टाकायचा, फुलला की लगेच काढायचा, आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक, सुकं खोबरं, खसखस वेगवेगळं भाजायचं. गुळाचा पाक कडक होऊ द्यायचा नाही. मग अळिवाची खीर, मेथीचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा, बाजरीची भाकरी आणि सढळ तूप. मी मोबाइलमध्ये उतरवून घेत होतो; सासूबाई म्हणाल्या, “लिहू नका, हात घाला.” मग हात घातला. सासरे दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी खारका फोडायला घेतल्या.

डॉक्टरांनी जानेवारीचा दुसरा आठवडा सांगितला आहे. हिमोग्लोबिन आता 11.2 आहे.

तुमच्याही घरी कुणी बाळाची वाट पाहत असेल आणि तुम्हाला स्वयंपाकातलं काही येत नसेल, तर भाकरीपासून सुरुवात करू नका. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी करा, वर लिंबू पिळा, गोळीची आणि चहाची वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि आज रात्री तिला आधी वाढा.