उंदीर आणि थिंबल

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. "बाई, ब्लॉग बंद केलात का?" असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून आज बसले आहे. विषय ऐकून हसाल. क्रिम्पिंग टूल! म्हणजे वायरीच्या टोकाला थिंबल दाबून बसवायचं हत्यार. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने यावर काय लिहायचं? पण लिहायला हवं, कारण त्या थिंबलात माझं एक खोटं अडकून पडलं होतं.

आमच्या तुळजापूरच्या घरी पाण्याची रीत अशी, की नळ आला की खालचा हौद भरून घ्यायचा आणि १ एचपीच्या मोटरीने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. घरात रोगी माणूस असलं की पाणी किती लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. समजतं सगळं, पण शब्द एकेक करून येतो, तोही वाट बघायला लावून. तीस वर्षं एस.टी.च्या आगारात बसगाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम केलेला माणूस. घरातली एक वायर कधी बाहेरच्याने जोडली नव्हती.

फेब्रुवारीत मोटरीच्या कंडेन्सरची वायर थिंबलापाशी तुटली. मोटर थरथरते, वायर हलते, वर्षानुवर्षं हलून हलून तुटते. यांनी पलंगावरून डोळ्यांनीच कपाटाकडे खूण केली. यांचं जुनं क्रिम्पिंग टूल तिथे होतं, साधं, पक्कडीसारखं. मी ते घेऊन मागच्या अंगणात गेले, मेन स्विच बंद केला आणि थिंबल दाबायला घेतलं. दाबेचना! अंगठ्याच्या सांध्यातून अशी कळ गेली की हत्यार हातातून पडलं. दोन्ही हातांनी दाबलं, गुडघ्यावर ठेवून दाबलं. मग शेवटी घरातली मोठी पक्कड घेतली आणि थिंबल चेपून टाकलं. थिंबलही निवडलं ते पिवळं, कारण त्यात वायर सुळकन आत गेली. निळ्यात जरा बसवावी लागत होती.

आत आल्यावर यांनी विचारलं, "टूल?"

मी म्हटलं, "हो, तुमच्याच टूलने."

दोन महिने मोटर चालली. एप्रिलात एका सकाळी बटण दाबलं तर नुसतीच घुंऽऽ करून थांबली. मी बटण बंद केलं. आतून आवाज आला, "कंडेन्सर." पलंगावर पडून, दोन भिंतींपलीकडून, नुसत्या आवाजावरून! सिंगल फेजच्या मोटरीला सुरुवातीचा धक्का कंडेन्सर देतो. त्याची वायर सुटली की मोटर घुमते, पण फिरत नाही. डबी उघडून पाहिलं तर पिवळं प्लॅस्टिक वितळलेलं, तांबं काळं पडलेलं. मी आत आले आणि म्हणाले, "उंदराने वायर कुरतडली."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

माझा एक जुना विद्यार्थी इथे वायरमन आहे. माझ्या विषयात कायम काठावर पास. त्याला फोन केला. सध्या शेतातल्या सोलर पंपांच्या कामात बुडालेला असतो. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, पक्कडीने दाबलं होतं ना?" मी गप्प. तो म्हणाला, "परवा येतो. तोवर कंडेन्सरला हात लावू नका, बंद केल्यावरही तो शॉक धरून ठेवतो. आणि सोलापूरला जाणार असाल तर रॅचेटचं टूल आणा. तुमच्या हाताला तेच झेपेल."

"तुमच्या हाताला." इतक्या सहज बोलून गेला. मी मात्र ते वाक्य घेऊन दिवसभर घरात फिरत होते.

यांची औषधं आणायला सोलापूरला जायचंच होतं. पंचेचाळीस किलोमीटर, निम्म्या तिकिटात. दुकानदार भला माणूस निघाला. आज्जीबाईंना क्रिम्पिंग टूल कशाला, असं विचारलं नाही. उलट दोन्ही प्रकार पुढ्यात ठेवले आणि समजावून सांगितलं. ते इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

साध्या टूलमध्ये जोर सगळा हाताचा. अर्धं दाबून सोडलं तरी ते काही बोलत नाही, आणि थिंबल वरून चांगलंच दिसतं. रॅचेटच्या टूलमध्ये आत दाते असतात. दाबायला लागलं की टक्, टक्, टक् करत पुढे जातं आणि पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. (चुकून भलतं काही अडकलं तर सोडवायला एक बारकी कळ असते.) आणि मला भावलं ते असं, की मध्ये थांबता येतं. दम घ्या, हात बदला, झालेलं काम मागे जात नाही. साधं टूल अडीचशेला होतं, हे साडेसातशेला. घेतलं.

जबड्यात तीन खाचा असतात, त्यांवर लाल, निळा आणि पिवळा ठिपका. प्लॅस्टिकच्या टोपीची थिंबलं याच तीन रंगांत मिळतात. लाल अर्ध्यापासून दीड एमएमच्या वायरीला, निळं दीड ते अडीचला, पिवळं चार ते सहाला. माझी वायर अडीच एमएमची, म्हणजे निळं हवं होतं. मी पिवळं घातलं, कारण ते सोपं गेलं. उघड्या, बिनटोपीच्या थिंबलांना वेगळ्या आकाराचा जबडा लागतो, तोही विचारून घ्यावा. स्क्रूखाली लावायचं असेल आणि यंत्र थरथरणारं असेल तर गोल भोकाचं थिंबल घ्यावं. दोन शिंगांचं थिंबल स्क्रू सैल होताच निसटतं. कंडेन्सरच्या पट्टीवर मात्र सरकवून बसवायचं चपटं थिंबल लागतं. त्याचं माप बहुधा ६.३ मिलिमीटर, पण जुनं काढून दुकानात दाखवणं उत्तम.

मग पक्कडीने बिघडतं काय? परवा आमच्या विद्यार्थ्याने माझं जळकं थिंबल कापून दाखवलं. थिंबलाची नळी म्हणजे पत्र्याची गुंडाळी, तिला एक जोड असतो. पक्कड दोन बाजूंनी चपटं करते, त्यात तो जोड उघडतो, आणि आतल्या तारा नुसत्या शेजारी शेजारी पडून राहतात. खरं टूल त्या तारा आणि नळी इतक्या घट्ट दाबतं की मध्ये हवेला जागा उरत नाही. हवा नाही म्हणून गंज नाही. सैल सांध्यात मात्र अडथळा वाढतो. समजा तिथे अर्धा ओहम अडथळा आहे आणि ५ अँपिअर वीज जाते आहे, तर ५ गुणिले ५ गुणिले अर्धा, म्हणजे साडेबारा वॉट. पूर्वी देवघरात झिरोचा बल्ब असायचा, साधारण तेवढी उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत! वितळेल नाही तर काय.

मला वाटायचं, डाग दिला की सांधा जास्त पक्का. तसंही नाही. वायरीला आधी डाग देऊन मग थिंबल दाबलं तर ते मऊ मिश्रण दाबाखाली हळूहळू सरकतं आणि सांधा सैल पडतो. अमेरिकेत १९४१ साली एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, ती विमानं आणि जहाजं यांच्यासाठी बिनडागाची, नुसत्या दाबाने बसणारी थिंबलं करायला. युद्धाच्या घाईत आणि सततच्या थरथरीत टिकणारे सांधे हवे होते. यांची एस.टी. आणि आमची मोटर, दोघींची गोष्ट तीच म्हणायची.

तर, नवं टूल घेऊन पहिल्यांदा यांच्या पलंगाशी बसले. वायरीचे तुकडे घेतले. सात-आठ मिलिमीटर सोलायचं, एकही तार कापली जाऊ द्यायची नाही, तारा हलका पीळ देऊन आत घालायच्या, निळं थिंबल निळ्या खाचेत धरायचं आणि दाबायचं. टक्, टक्... मध्ये थांबले. अंगठा चोळला. पुन्हा टक्. सुटलं!

यांनी डावा हात पुढे केला. थिंबल बोटांत धरलं आणि म्हणाले, "ओढ." मी वायर ओढली. निघाली! तारा पुरत्या आत गेल्याच नव्हत्या. दुसरं केलं. "ओढ." राहिलं. तिसरं राहिलं. चौथ्याला यांनी इतकं घट्ट धरलं की ओढताना मीच पुढे सरकले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो.

संध्याकाळी विद्यार्थी आला. मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, कंडेन्सर रिकामा केला, काळी पडलेली वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली. थिंबल मात्र मी दाबलं. त्याने ओढून पाहिलं आणि म्हणाला, "पास." (काठावर नव्हे हं!) बटण दाबलं. मोटर फिरली.

आत आले तर हे छताकडे बघत पडलेले. म्हणाले, "उंदीर..." मी थांबले. शब्द यायला वेळ लागतो. "...मेला?"

आणि डाव्या गालाने हसले. सगळं माहीत होतं तर! आवाजावरून कंडेन्सर ओळखणाऱ्याला फेब्रुवारीतच काय ते कळलं असणार. मी शेजारी बसले आणि खरं सांगितलं. पक्कडीचं सांगणं सोपं होतं. अवघड होतं ते वेगळंच. तुमचं टूल मला दाबता आलं नाही. हाताला जोर राहिला नाही. सकाळी तुम्हाला कुशीवर वळवताना माझा अंगठा रोज दुखतो, आणि एखाद्या दिवशी तुम्ही हातातून सुटाल अशी मला भीती वाटते. हे बोलायचं नव्हतं म्हणून उंदीर आणला होता.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माणूस. ठेव."

मुलगी वर्षभर हेच सांगते आहे आणि मी तिला "सगळं ठीक आहे" असं सांगते आहे. अगदी त्या पिवळ्या थिंबलासारखं, वरून बरं दिसणारं. तर ताई, तू हे वाचशीलच. चिडू नकोस. एक तारखेपासून सकाळी दोन तास मदतीला एक बाई येणार आहेत. पुण्याला येण्याचा विषय मात्र काढायचा नाही. मोटर नीट चालते आहे.