आधी आख, मग झूल

संसारातल्या वस्तूंचे माझ्या मते दोनच प्रकार आहेत. काही वस्तू विकत आणल्या जातात आणि काही जमवल्या जातात. घड्याळ विकत आणले जाते. बैलगाडी जमवावी लागे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्यांनी खेड्यात गाडी करवून घेतली असेल, त्यांना ठाऊक आहे की गाडी नावाची वस्तू दुकानात मिळत नसे. बाभळीचे लाकूड एकाकडून घ्यायचे, सुतार दुसरा गाठायचा, चाकावर तापलेली धाव चढवणारा लोहार तिसरा, आणि जू कुणाच्या हातचे चांगले याची चौकशी सोयऱ्यांकडे करायची. मग एके दिवशी हे सारे अंगणात एकत्र येई आणि त्या एकत्र येण्याला आपण गाडी म्हणत असू.

ट्रॅक्टर आला आणि हा जमवण्याचा प्रकार आमच्या बेंबळीतून उठला. तो परत आला तो माझ्या थोरल्या नातीच्या तोंडून. "आबा," ती म्हणाली, "मला कॉम्प्युटर घ्यायचाय. पण तयार नको. एकेक भाग निवडून जोडायचाय."

"कशाला?"

"खेळायला."

मुलगी सतरा वर्षांची, पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. मला तिचे उत्तर आवडले. हल्ली अशा मागणीवर अभ्यासाचे पांघरूण घालायची रीत आहे. तिच्या काकाने तिला बाजूला घेऊन तसे सुचवलेही. "अभ्यासाला पायजे म्हण की! लगेच मिळतेत पैसे." पण ती म्हणाली, "न्हाई काका. अभ्यास कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर भागतोय. ह्यो खेळायलाच पायजे."

आता वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात खेळण्यासाठी ऐंशी हजार रुपये मागणे ही काय चीज आहे हे तुम्हांला सांगायला नको. तूर विकून आलेले तेवढे पैसे घरात होते, पण त्यांच्यावर दोन वर्षांपासून बोअरच्या नव्या मोटारीचा डोळा होता. रात्री जेवणानंतर सभा बसली. थोरला मुलगा गप्प, धाकटा पुतणीच्या बाजूचा, सून दोन्हीकडची. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी भांडी घासता घासता सवाल टाकला, "मोटार घेतली तर ती आठ वर्षं पाणी देती. ह्याचं सांगा. हे आठ वर्षं चालतंय का?"

पोरीने क्षणभर विचार केला. "चालवून दाखवते, आज्जी."

जुनी मोटार पुन्हा वाइंडिंग करून वापरायचे ठरले, आणि ऐंशी हजारांबरोबर त्या पोरीचा शब्दही पणाला लागला. तिच्यामागे एक धाकटी बहीण आहे. हे यंत्र तीन वर्षांत बसले, तर तिने कधी काही मागायची सोय उरणार नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉप का नाही? मीही हेच विचारले. नात म्हणाली, लॅपटॉपमध्ये चित्रे काढणारा भाग मूळ पाटीवरच डाक लावून बसवलेला असतो. तो दमला की सगळा लॅपटॉपच दमला. जोडलेल्या यंत्रात दमलेला भाग काढता येतो. मला एकदम आमच्या वडिलांचा कुळव आठवला. त्याची फास कितीदा बदलली, दांडी दोनदा बदलली; तरी तो वडिलांचाच कुळव राहिला.

तिने एका वहीत भागांची यादी केली होती. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग काचेची बाजू असलेले कॅबिनेट, त्यात फिरणारे रंगीत दिव्यांचे पंखे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, एसएमपीएस. "हे तळाचे काय?" मी विचारले. "भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटून देतो तो डबा," ती म्हणाली. म्हटले, बाई, हा तर आख! साऱ्या गाडीचा भार ज्याच्यावर, तोच यादीत शेवटी? गाडी करवताना आमचे वडील आधी आख ठरवीत. बैलांची झूल सर्वांत शेवटी, पैसे उरले तर.

त्या रात्रीपासून आम्ही दोघे ती यादी उलटी वाचायला लागलो.

आधी कोणता भाग काय करतो ते मी समजून घेतले. प्रोसेसर म्हणजे घरातला जाणता माणूस. अवघड कामे एकामागून एक उरकणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खुरपणीला लावलेली बायकांची रांग. प्रत्येकीचे काम साधे, पण शेकडो-हजारो हात एकाच वेळी चालतात. खेळातले चित्र असेच रंगते. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. सेकंदाला साठ चित्रे उमटवायची तर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके रंगवावे लागतात. एकट्या जाणत्या माणसाचे हे काम नव्हे.

पुष्कळ लहान हात एकत्र लावून मोठे काम करण्याची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. भारताला हवा होता तो महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर तिचे प्रमुख होते. त्या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा ओळीने जोडल्या आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. मिळतील ते भाग घ्यायचे आणि ते नीट जुळवायचे, हीच त्यांची रीत होती. नातीला मी हे सांगितले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आपण एकट्या नाही असा भाव उमटला.

यादीत आता पडदा आला. धाकट्या मुलाच्या दुकानातला जुना पडदा पडून होता, तो १९२० × १०८० चाच. नवा मोठा 'फोर के' पडदा घ्यावा असे तिच्या मनात होते. पण त्यावर ठिपके चौपट; म्हणजे खुरपायला रानही चौपट, आणि मजूर तेवढेच. जुना पडदा ठेवला आणि कार्डाची निवड आपोआप सोपी झाली. मधल्या दर्जाचे, आठ जीबी मेमरीचे कार्ड पुरे होते. मला वाटते, काटकसर करायची ती अशी, पुढची गरजच लहान करून.

सोलापूरला एका दुकानात मुलगा आणि नात चौकशीला गेली, तेव्हा दुकानदाराने चकचकीत कॅबिनेट दाखवले आणि म्हणाला, "ह्यात एसएमपीएस फुकट आहे." घरी येऊन नात हे सांगायला लागली तेव्हा आम्ही दोघेही हसलो. फुकटचा आख!

आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट फारशी शिकवावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात धरणी हलली आणि सुमारे ८,००० माणसे गेली. तिथल्या दगडी भिंती बाहेरून किती भक्कम दिसत! जाड, थंड, पिढ्यान् पिढ्यांच्या. पण आत दगडगोटे आणि नुसती माती होती, आणि तोच भार निजलेल्या माणसांवर आला. त्या पहाटेनंतर आमच्याकडे घर बांधणारा माणूस रंगाच्या आधी सळई विचारतो. कॉम्प्युटर बिघडला म्हणून कुणी मरत नाही हे खरे. पण जे दिसत नाही ते आधी विचारावे, ही सवय आमच्या अंगात भिनली ती तिथून.

म्हणून एसएमपीएस विचारपूर्वक घेतला. कार्डाला साधारण १५० वॉट, प्रोसेसरला ६५ ते ९०, बाकी किरकोळ. सगळे मिळून ३०० च्या आत. तरी ५५० वॉटचा घेतला, कारण कायम ऊर फुटेपर्यंत ओढणारा बैल लवकर थकतो. त्यातले कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस सोसणारे आहेत ना, हेही पाहिले. उष्णता दहा अंशांनी वाढली की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळ मानाने निम्मे होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशी गाठते. हमी पाच वर्षांची. विजेचा दाब वरखाली झाला तरी १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावून नेणारा.

पण आखाखाली जमीन लागते. वायरमनने मीटर लावून पाहिले तेव्हा कळले की आमच्या भिंतीतल्या तिसऱ्या भोकातली तार जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नाही. अशा घरात लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आतल्या नाजूक भागांनाही ते सोसत नाही. मग परसात खड्डा खणला, त्यात पट्टी पुरून कोळसा आणि मीठ यांचे थर दिले आणि अर्थिंग केले. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतावे लागते. ते काम माझ्याकडे आहे. या अर्थिंगने ऐंशी हजारांतले काही पैसे खाल्ले, पण त्याचा लाभ फ्रिजला आणि सुनेच्या मिक्सरलाही झाला. सभेत पोरीची बाजू त्या दिवशी थोडी वर गेली.

मग मदरबोर्ड. इथे नातीने मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. एएमडी या कंपनीने २०१६ साली एएम४ नावाची खोबण काढली. २०१७ साली ज्यांनी त्या खोबणीचे बोर्ड घेतले, त्यांतल्या पुष्कळांना सॉफ्टवेअर बदलून २०२२ साली निघालेला प्रोसेसर त्याच बोर्डात बसवता आला. दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या खोबणी बहुधा दोन-तीन पिढ्यांत बदलत आल्या. एएम४ च्या पुढची एएम५ ही खोबण २०२२ साली आली आणि निदान २०२७ पर्यंत तिला नवे प्रोसेसर देऊ, असे कंपनीने २०२४ साली जाहीर केले. म्हणून आज प्रोसेसर बेताचा, पण खोबण एएम५ ची, असे ठरले. घर लहान असले तरी चालेल, पण मागे परस मोकळे हवे.

रॅमच्या बाबतीत मात्र जगाने आमच्या वहीत हात घातला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की जगभर तिचे भाव भडकले. तुरीचा भाव ठरवायला आम्हांला कुणी विचारत नाही, तसेच हेही. वहीतल्या ३२ जीबीवर नातीने रेघ मारली आणि १६ लिहिले. दोन पट्ट्या घेतल्या की वेग अधिक मिळतो, एक घेतली तर थोडा कमी. पण एकच १६ ची घेतली तर दुसरी जागा मोकळी राहते आणि भाव उतरल्यावर जोड लावता येते. तिने एकच घेतली. एसएसडीही एक हजार जीबीऐवजी पाचशेची झाली. ती झिजेल काय, हा माझा प्रश्न. चांगल्या पाचशेच्या एसएसडीला साधारण ३०० टेराबाइट लिखाणाची हमी असते. रोज पन्नास जीबी लिहिले तरी सोळा वर्षे जातील. हा हिशेब पोरीने आजीसमोर बोटांवर करून दाखवला.

काकाने जुने कार्ड स्वस्तात मिळतेय अशी खबर आणली. नातीने नको म्हटले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली रीत बदलली आणि नाणी 'खणण्यासाठी' रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. सगळी वाईट असतात असे नाही. पण बाजारात बैलाचे दात पाहता येतात. कार्डाला दात नसतात. नवे घेतले, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, त्यावर भागाचा क्रमांक लिहून घेऊन. हमी त्या कागदावरच उभी असते.

शेवटी राहिले कॅबिनेट. काच गेली, दिवे गेले. पुढून जाळीचे आणि धूळ अडवणाऱ्या गाळणीचे साधे काळे कॅबिनेट आले. सोयाबीनच्या मळणीत आमच्या गल्लीत जी धूळ उडते ती ज्याने पाहिली असेल, त्याला याचे कारण विचारावे लागणार नाही.

एका रविवारी ओसरीवर सतरंजी अंथरून पोरीने ते सगळे जोडले. धाकटी बहीण स्क्रू हातात देत होती. पडदा उजळला तेव्हा घरातली सगळी माणसे मागे उभी होती आणि खेळातली मोटार पहिल्याच वळणाला खड्ड्यात गेली. सौभाग्यवती म्हणाल्या, "आठ वर्षं चालवायची म्हणलीस, आणि आठ पावलं बी चालंना!" सगळे हसले. त्या हसण्यात ऐंशी हजारांचा ताण जरा सैल झाला. घरात एखादी गोष्ट केवळ खेळासाठी असावी, आणि ती शेतातल्या अवजाराइतक्याच काळजीने निवडलेली असावी, यात मला काही विसंगत वाटत नाही.

उन्हाळा निभला, वीज शंभरदा गेली-आली. पोळ्याच्या दिवशी शेजारी बैल धूत होते, तेव्हा नातीने पेटी उघडून रंगाच्या मऊ ब्रशाने आतली धूळ काढली आणि गाळण्या नळाखाली धुतल्या. मग तिने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणलेली एक बारीकशी रंगीत दिव्यांची पट्टी आतल्या कडेने चिकटवली.

"आबा," ती म्हणाली, "झूल."