बंदाची शिवण

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौचे आकाश पतंगांनी भरून जाते. या दिवसाला इथे ‘जमघट’ म्हणतात. आपल्याकडे पतंग संक्रांतीचा. त्यामुळे नोकरीनिमित्त मी प्रथम इथे आले तेव्हा ऐन कार्तिकातली ही पतंगबाजी मला काहीशी अवेळीच वाटली होती. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाबा वाईहून माझ्याकडे आले आणि जमघटाच्या दुपारी मी त्यांना रेसिडेन्सी दाखवायला नेले.

१८५७ च्या तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेल्या त्या भिंती बाबा तन्मयतेने पाहत असता त्यांच्या खांद्यावरच्या खादीच्या पिशवीचा बंद मुळापासून उसवला. पिशवीत औषधे, पाण्याची बाटली आणि चष्म्याचे घर एवढेच होते. पण बाबांचा चेहरा उतरला तो पिशवीसाठी. ती आईने शिवलेली होती.

माझ्या पर्समध्ये सुई होती, चिकनकामाचा कच्चा धागाही होता. चौकातल्या एका बाईंकडे मी त्या दिवसांत टाके शिकत होते. हिरवळीवर बसून मी मोठ्या ऐटीत बंद जोडला. आम्ही फाटकापर्यंत पोहोचलो नाही तोच तो पुन्हा सुटला. दोष धाग्याचा नव्हता. चिकनचा धागा जवळजवळ बिनपिळाचा. मलमलीवर तो मऊ पसरावा, टाका भरदार दिसावा, म्हणून तसा ठेवलेला. ओझे पेलण्याचे बळ सुताला पिळाने येते. ताण पडला की पिळातले तंतू एकमेकांना अधिकच आवळून धरतात. गोधड्या शिवणाऱ्या घरात वाढूनही ऐनवेळी हे मला आठवू नये!

फाटकाबाहेर एका मुलाने आमची फजिती पाहून आपली चरखी पुढे केली. मांज्याला मी हात लावला नाही. काचेची पूड चढवलेला दोरा पतंग कापतो, तसा कापडही कापील. (नायलॉनच्या मांज्याने तर पाखरांचे आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरले, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली.) पण मांज्याच्या मागे साधी सुती ‘सद्दी’ होती. ती दुहेरी घेऊन, धावदोऱ्याऐवजी उलटी टीप घालून मी वेळ निभावली. धावदोऱ्यात एक टाका तुटला की सगळी ओळ सैल पडते; उलट्या टीपेत शेजारचे टाके धरून राहतात.

त्या शिवणीवर आम्ही कैसरबागेतल्या एका मोच्यापर्यंत पोहोचलो. त्याने माझे काम उलटसुलट करून पाहिले, पण हसला नाही. मी त्याच्याजवळच्या जाड नायलॉनच्या दोऱ्याकडे बोट दाखवले. सर्वांत बळकट तोच, हे तर उघडच होते. त्याने मान हलवली. “धागा तो मज़बूत है, बाबूजी, कपड़ा बूढ़ा है.” बोलला तो बाबांशी, माझ्याशी नव्हे. हिसका बसला तर दोरा राहील आणि खादी फाटेल, असे त्याचे म्हणणे. मग त्याने मध्यम जाडीचे सूत मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढले. मेणाने पीळ उलगडत नाही, दोरा कापडातून घासल्याशिवाय सरकतो आणि पाणीही सहसा मुरत नाही. आतून त्याने कॅनव्हासचे ठिगळ लावले, टाके बेताने दूर ठेवले. फार दाट भोके पडली तर कापड टपालाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते.

तो जुनी टीप उसवू लागला तेव्हा मात्र बाबांनी त्याचा हात धरला. त्यांना हिंदी बेताचीच येते. “वो रहने दो,” एवढेच ते म्हणाले. मोच्याने कारण विचारले नाही. आईचे टाके मधे ठेवून त्याने दोन्ही बाजूंनी शिवण घातली.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एका पुठ्ठ्यावर गुंडाळलेला मेणाचा दोरा आणि एक जाड सुई असते. दोरा दर वर्षी ओढून पाहते, कारण आईच्या डब्यातली जुनी रिळे नुसत्या हिसक्याने तुटतात. बाबा वाईला पोहोचले त्या रात्री त्यांचा फोन आला. प्रवास ठीक झाला म्हणाले. आणि दुसऱ्या बंदाची शिवणही सुटू लागली आहे, येताना तो दोरा घेऊन ये, घाई नाही.