जलविहाराचा जमाखर्च

प्रत्येक घरच्या जमाखर्चाच्या वहीत दोन प्रकारचे खर्च असतात. एक अवश्य आणि दुसरा ऐच्छिक. धान्य, औषध, मुलांचे शिक्षण यांचे दर चढले तर गृहस्थ कुरकुरतो, पण पैसे मोजतो. ऐच्छिक खर्चाचे तसे नाही. महागाईची झळ लागली की पहिली काट त्याच सदरावर बसते, आणि ती इतक्या निमूटपणे बसते की आपण काही गमावले याची जाणीवही घरात कोणास होत नाही. समुद्रावरील सहल ही अशाच सदरातली बाब होय. डिझेल महागले म्हणून नौकाविहारासाठी कोणी हळहळत नाही. ते एका परीने रास्तही आहे, कारण भाजीची गाडी आणि शेतातला पंप त्याच तेलावर चालतो. तथापि जे निमूटपणे जाते त्याचाही हिशेब कोणीतरी मांडावा, या हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

मी जासईस राहतो. उरण आणि पनवेल यांच्या मधल्या पट्ट्यातले हे गाव खाडीच्या सान्निध्यात वाढले. आज येथील रहिवाशास समुद्रापेक्षा मालवाहू गाड्यांच्या रांगाच अधिक दिसतात. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून निघणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू आमच्या शेजारी चिर्ले येथे येऊन उतरला. त्याच दिवशी रेल्वेही उरणपर्यंत पोहोचली. पूर्वी मुंबईस जावयाचे म्हणजे मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्यास जावयाचे, हा आमच्याकडील कित्येक पिढ्यांचा परिपाठ. ती लाँच गरजेची होती, म्हणून भाडे वाढले तरी माणसे चढत. आता दुसरे मार्ग झाले. पाण्यावरचा प्रवास ज्यांस अडला नाही असे लोक वाढले, आणि जो प्रवास अडत नाही तो महागाईपुढे टिकत नाही.

तेलाच्या भावाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी हात आखडता घेतला आणि काही महिन्यांतच पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव चौपट झाला. आपल्याकडे पुष्कळ वर्षे सरकार डिझेलचा भाव स्वतः ठरवीत असे. २०१४ च्या ऑक्टोबरात ते नियंत्रण उठले आणि जगाच्या बाजारातील भरती-ओहोटी थेट आपल्या पंपापर्यंत येऊ लागली. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईत डिझेलने लिटरमागे शंभरी ओलांडली. पुढल्याच महिन्यात केंद्र सरकारने त्यावरील अबकारी कर १० रुपयांनी उतरविला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. मासेमारीच्या यांत्रिक नौकांस डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळण्याची योजना आपल्या राज्यात आहे. पण ती मच्छीमारांसाठी, सहलीच्या बोटीसाठी नव्हे. ऐच्छिक गोष्टीस सवलत कोण देणार?

माझा एक जुना विद्यार्थी लाँचवर तांडेल आहे. त्याला मी एकदा या भाववाढीविषयी विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, तेल महागले हे आम्हांला पंपावर कळते, पण दुखते ते बाकावर. बोट भरलेली असो की अर्धी रिकामी, पाणी जवळजवळ तेवढेच कापावे लागते. ऐंशी माणसे असली तर वाढ कोणाला जाणवत नाही. वीसच असली की धंदा बुडतो.”

व्यवसायाने मास्तर असल्यामुळे मी घरी येऊन पाटीवर त्रैराशिक मांडले. समजा, एका लाँचला जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि तासाला २० लिटर तेल जळते. एकूण ४० लिटर झाले. लिटरमागे १० रुपये वाढले तर फेरीमागे ४०० रुपये वाढले. प्रवासी ८० असतील तर माणशी ५ रुपये. २० असतील तर माणशी २० रुपये. आता सहा माणसांची एक वेगवान बोट घ्या. तिला वेळ निम्मा, म्हणजे एकच तास लागतो. पण तासाला ६० लिटर जळते. वाढ ६०० रुपयांची, आणि माणशी १०० रुपयांची! हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येक यंत्राची भूक निराळी असते. परंतु त्यातील तत्त्व बदलत नाही. जो घाईने आणि एकटादुकटा जातो त्याच्यावर तेलाचा भाव तुटून पडतो, आणि जो मंदगतीने व मंडळींसमवेत जातो त्याला तो केवळ चाटून जातो.

हे त्रैराशिक मी मांडले त्याला एक घरगुती कारण घडले होते. आमचे कुटुंब चौदा माणसांचे. दरवर्षी थंडीत सर्वांनी मिळून एकदा घारापुरीस जाण्याचा आमचा प्रघात आहे. गेल्या खेपेस त्याचा विषय निघाला, तेव्हा वही सांभाळणारी धाकटी सून म्हणाली, “मामंजी, यंदा ही सहल राहू द्यावी का? सगळ्यांचे भाडे, वरचा खर्च, पुष्कळ होतो.” नातवांचे मत निराळे. त्यांना लाँचचा तो तासाभराचा प्रवासच कंटाळवाणा वाटतो. ते म्हणाले, “आजोबा, स्पीडबोट करू. वीस मिनिटांत पोहोचू. सगळे नाही आलो तरी चालेल.”

‘सगळे नाही आलो तरी चालेल’ या वाक्यापाशी मी थबकलो. सगळे नाहीत, म्हणजे कोण नाही? चौदांतून सहा निवडावयाचे तर घरी कोणी राहावयाचे, हे कोणी बोलून दाखविले नाही, पण सर्वांस ठाऊक होते. माझ्या थोरल्या भगिनी, आमच्या आक्का, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लेण्यांपर्यंतच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आता त्यांच्याने चढवत नाहीत. लहानपणी वडिलांबरोबर महाशिवरात्रीच्या यात्रेस त्या शिडाच्या मचव्यातून घारापुरीस गेल्या होत्या. त्या कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “मला लेणी पाहावयाची नाहीत रे. मला नुसते बोटीत बसावयाचे आहे.”

आक्कांच्या या बोलण्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर होते. नातवांच्या हिशेबी घारापुरी हे फळ आणि प्रवास हा त्यासाठी भरावयाचा दंड. म्हणून दंड जितका थोडा तितका बरा. आक्कांच्या हिशेबी प्रवास हेच फळ. जलविहार या शब्दातच ‘विहार’ आहे, ‘गमन’ नव्हे. कालिदासाने रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कुशाचा शरयूतील जलविहार वर्णिला आहे. तेथे राजा नौकेत बसतो, पाण्यात उतरतो, पण कोठे पोहोचण्याची त्याला घाई नाही. ज्याला कोठे पोहोचावयाचे नाही त्याने वेगासाठी पैसे का मोजावे?

आणि वेग फार महाग असतो. पाणी कापीत जाणाऱ्या बोटीचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती दुप्पट पुरत नाही, सुमारे आठपट लागते. वेळ निम्मा लागला तरी तेवढ्याच अंतराला तेल सुमारे चौपट जळते. हाच नियम उलटा लावला तर गृहस्थाच्या कामाचा आहे. वेग केवळ दशांशाने उतरविला तर तासाच्या प्रवासास सहा-सात मिनिटे अधिक लागतात, पण सुमारे पंचमांश तेल वाचते. बोटीच्या बुडाला चिकटलेले शिंपले वेळोवेळी खरवडून काढले आणि भरती-ओहोटीचा ओघ पाहून निघण्याची वेळ साधली, तर आणखी थोडे वाचते. हे सारे तांडेलांस अनुभवाने ठाऊक असते. शास्त्राने ते गणिताने सांगितले इतकेच.

ही युक्ती केवळ गरिबाची नव्हे. २००८ च्या सुमारास तेलाचे भाव आकाशाला भिडले आणि पाठोपाठ व्यापारात मंदी आली, तेव्हा जगातील मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी आपल्या प्रचंड मालवाहू जहाजांचा वेग मुद्दाम उतरविला. आमच्या दारच्या बंदरात येणारी जहाजे त्याच जातीची. कोट्यवधींचा माल वाहणारा व्यापारी जर सावकाश जाणे पत्करतो, तर सुटीच्या दिवशी वारा खाण्यास निघालेल्या मनुष्यास घाई कसली? उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच बंदरातले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई-बेलापूर जलटॅक्सी सुरू झाली. तीत वेगवान बोटीचे भाडे ८०० रुपयांच्या वर होते, आणि थोड्या मंद कॅटमरानचे २९० रुपये. मध्ये अंतर पडत होते ते अवघ्या पंधरा-वीस मिनिटांचे. ती मिनिटे किती मोलाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

तेलावाचून चालणारी नौका ही काही कल्पनेतली वस्तू नव्हे. आक्कांच्या लहानपणीचे मचवे पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनारा सोडीत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. त्या वाऱ्यास ना कर होता, ना भाव. अर्थात वारा पडला की मचवाही पडून राही, आणि रुग्णास मुंबईस न्यावयाचे असले म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीस लागे. यंत्र आले ते बरेच झाले. ते गरजेसाठी आले होते. परंतु हौसेच्या प्रवासात वाऱ्याचा अधिकार अद्याप गेलेला नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ नौकेतून तीच प्रदक्षिणा पुरी केली. ज्या वाऱ्याने घरच्या मुलींना पृथ्वीभोवती फिरवून सुखरूप आणले, तो बंदरात दोन तास विहार करविण्यास असमर्थ खास नाही. सूर्यही मदतीस आला आहे. केरळात वैकम येथे जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ उतारूंची बोट सौरशक्तीवर चालू झाली. घारापुरीवरही २०१८ पर्यंत दिवे लागत ते डिझेलच्या जनित्रावर, तेही संध्याकाळचे काही तास; त्या वर्षी समुद्राखालून तार गेली आणि बेट कायमचे उजळले. दिव्यांचे तेल सुटले, तसे बोटींचेही कधीतरी सुटेल. अशी एखादी बोट आमच्या बंदरात सहलीसाठी नियमाने फिरू लागली तर आम्ही वृद्ध तिचे पहिले उतारू होऊ.

येथे एक इशारा देणे कर्तव्य समजतो. काटकसर वेगात करावी, सुरक्षिततेत करू नये. तेल महागले म्हणजे नियमापेक्षा दहा-वीस माणसे अधिक कोंबण्याचा मोह बोटवाल्यास होतो आणि प्रवासीही स्वस्ताईच्या लोभाने त्यास संमती देतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळून १५ जणांचे प्राण गेले. त्या अपघाताचे कारण निराळे होते. परंतु बोटीत परवान्यापेक्षा अधिक माणसे असल्याचे तेव्हा उघड झाले. प्राणरक्षक जाकीट अंगात घालणे आणि भरलेल्या बोटीत न चढणे, या दोन गोष्टींस पैसा लागत नाही. थोडा संयम लागतो.

आमच्या घरच्या वादाचा निकाल सुनेच्या वहीनेच लावला. मी पाटीवरचे आकडे तिच्यापुढे ठेवले, आणि तिने स्वतः बेरीज करून सांगितले की सहाजणांच्या स्पीडबोटीच्या पैशांत चौदाही जणांचे साध्या लाँचचे भाडे भागून वर फराळापुरते उरतात. मग सर्वजण गेलो. नातू पायऱ्या चढून लेणी पाहून आले. आक्का धक्क्याजवळच्या सावलीत बसून राहिल्या. जाताना आणि येताना मात्र त्यांनी बोटीच्या कडेची जागा कोणास दिली नाही. परतताना धाकट्या नातवाने त्यांना शिडाच्या मचव्याची हकीकत विचारली, आणि ती पुरी होण्यास लाँचचा तो ‘कंटाळवाणा’ तासही अपुरा पडला. वीस मिनिटांत ती गोष्ट झाली नसती.

तेलाचा भाव आपल्या हाती नाही; तो दूरदेशी ठरतो आणि त्यावरील कर दिल्ली-मुंबईत ठरतो. आपल्या हाती तीन गोष्टी आहेत: किती वेगाने जावयाचे, किती जणांनी मिळून जावयाचे आणि किती वेळा जावयाचे. यांपैकी पहिल्या दोहोंत काटकसर केली तर तिसरीत करावी लागत नाही. तेव्हा गृहिणींनी नव्या वर्षाच्या वहीत करमणुकीचे सदर आखताना समुद्राची एक फेरी अवश्य मांडावी आणि तिच्यापुढे घरातील सर्व नावे लिहावीत. प्रथम ज्येष्ठांची लिहावीत, म्हणजे खर्च उतरविण्याच्या वेळी पहिली काट त्यांच्यावर बसणार नाही.