लग्नगडी आणि गोदाकाठचा सिंह

'लग्नगडी' हा शब्द नुसता ऐकला तर गोडच वाटतो. लग्न आणि गडी. डोळ्यांपुढे येतो तो मांडवाला डहाळे बांधणारा, वरातीत पुढे पुढे करणारा कुणी हौशी माणूस. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात मात्र हा शब्द निराळ्याच माणसाचा होता. वारली आदिवासी तरुणाने लग्नापुरते पैसे सावकाराकडून उचलायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं, बायकोलाही राबायला न्यायचं. फिटले की नाही हे वही ठरवणार, वही सावकाराची, आणि ती वाचायला येणारा वारली विरळा. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकात ही माणसं पानोपानी भेटतात. वाचताना माझं लक्ष अडकतं ते त्या नावापाशी. त्यात गुलाम हा शब्द कुठेच नाही.

आडून बोलायची मराठीला हौस दांडगी. कोपरखळी, टोमणा, शालजोडीतला, खडा टाकून पाहणं, सूतोवाच, लेकी बोले सुने लागे: घाव किती खोल आणि कुठल्या बाजूने, याचा हिशेब शब्दाशब्दांत भरलेला. यातला शालजोडीतला मला सर्वांत आवडतो, कारण त्यात मार आणि मान एकदमच मिळतो. पण या साऱ्यांची एक अट आहे. ज्याला मारला त्याला तो कळला पाहिजे. न कळलेला टोमणा फुकट गेला. दुसरीकडे आपण बांगडी 'वाढली' म्हणतो, रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो, निघताना 'येतो' म्हणतो. तिथेही ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. फक्त अभद्र तोंडातून काढायचं नसतं. म्हणजे सुचवणं काय आणि टाळणं काय, दोन्हींत बोलणारा-ऐकणारा एका बाजूला असतात. लग्नगडी यात बसत नाही, आणि का बसत नाही हे पाहायला जरा लांबून यावं लागतं.

नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि काव्याचा आत्मा ध्वनी, न बोललेला अर्थ, असं मांडलं. ते समजावून द्यायला त्याने पहिलं उदाहरण घेतलं ते आपल्याकडचं, महाराष्ट्री प्राकृतातलं, हालाच्या गाथासप्तशतीतही असलेलं. गोदेच्या काठी दाट झाडी आहे, तिथे एक बाई आपल्या प्रियकराला भेटते. एक धार्मिक गृहस्थ नेमका तिथेच फिरायला येतो. तिथल्या कुत्र्याला तो आधीच बिचकून असतो. बाई त्याला मोठ्या आपुलकीने सांगते की आता खुशाल फिरा, त्या कुत्र्याला आज गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारलं. तोंडी परवानगी, अर्थ मनाई. अकराव्या शतकात महिमभट्टाने यावर हरकत घेतली: यात ध्वनी वगैरे काही नाही, हे साधं अनुमान आहे, जो कुत्र्याला भितो तो सिंह असलेल्या जागी फिरकणार नाही, झालं. तर्क म्हणून बिनतोड. पण बाईने सरळ 'येऊ नका' का म्हटलं नाही, हे त्यातून कळत नाही. म्हटलं असतं तर 'का?' आलं असतं, आणि त्याचं उत्तर देण्यासारखं नव्हतं. तिने तिची अब्रू राखली, प्रियकराची राखली, आणि त्या गृहस्थालाही भित्रा न म्हणता घरी धाडलं. शिवाय सिंह खरोखर होता की नव्हता, हेही कुणी विचारायला जाणार नाही. मला तर वाटतं, गोदाकाठी वाघ जास्त शोभला असता. डहाणूच्या रानात वाघोबाचं ठाणं असतं, दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ आणि वर सूर्य-चंद्र. वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि भीतीच्या धन्याला 'बा' लावून घरातला केलेलं असतं. आदिवासी सरळ बोलतो, आडवळण शहरी माणसाचं, असं म्हणणाऱ्यांनी हा 'बा' विचारात घ्यावा.

आता लग्नगडी. वारल्याला तो शब्द पुरता कळत होता, त्याच्या पाठीला कळत होता. त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. तो ऐकू जायचा होता तिसऱ्याला: मामलेदाराला, मुंबईच्या साहेबाला, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला. त्यांनी समजावं की लग्नकार्याची जुनी देवघेव आहे, रीत आहे. लेकी बोले सुने लागे याची ही उलटी बाजू: मार लेकीलाच, आणि सुनेच्या कानावर मात्र काही लागू नये. कुणी म्हणेल, असं कसं, सरकारला ठाऊक होतं. होतं. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९च्या अहवालात इथली सक्तीची मजुरी आणि मारहाण आडपडदा न ठेवता लिहिली होती. मग झाकण निघूनही काही हललं नाही, तर शब्दावर एवढा राग का? हरकत रास्त आहे. माझं उत्तर इतकंच, की तो अहवाल साहेबाने साहेबाला लिहिला होता. २३ मे १९४५ला झरीच्या सभेत हजारो वारल्यांनी स्वतः ठरवलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. बारा आण्यांत ध्वनी नसतो. त्या वाक्याला दुसरा अर्थ लावता येत नाही, म्हणून मालकांना ते झोंबलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

यावरून सरळ बोलणं थोर आणि आडून बोलणं हलकं असा निकाल मी काढत नाही. तसा काढायला गाथेतली बाई मला फार आवडते. आडून बोलण्याचा हक्क दुबळ्याला असतो, कारण उघड बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागते. बलवानाला ती मोजावी लागत नाही, तरी तो गोड शब्द शोधतो, तेव्हा कान टवकारावेत. डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. त्याच तालुक्यात वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर २०२४मध्ये मंजूर झालं, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी कागदावर शब्द आला 'प्रकल्पबाधित'. बाधा भुताची होते, विषाची होते. करणारा कोण हे त्या शब्दात येत नाही. मच्छीमारांच्या फलकांवर मात्र 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'.