कर्ता कोठे गेला?

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना कर्तरी वाक्याचे कर्मणी करावयास सांगितले, की ती मोठ्या उत्साहाने कामाला लागतात. कर्म पुढे आणावयाचे, कर्ता मागे ढकलावयाचा, त्याच्या आधी 'बाय' हा शब्द लावावयाचा आणि क्रियापदाचे तिसरे रूप लिहावयाचे! एखादे गणित सुटावे तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मी पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकविले आणि हा खेळही पुष्कळ खेळविला. परंतु पुढे पुढे मला त्याचा थोडा कंटाळा येऊ लागला. कारण असे, की इंग्रजी बोलणारी माणसे असली वाक्ये क्वचितच बोलतात. ती कर्मणी प्रयोग योजतात तो बहुधा कर्त्याला मागच्या बाकावर बसविण्यासाठी नव्हे, तर त्याला वर्गाबाहेर काढण्यासाठी! 'बाय' नाही आणि कर्ताही नाही, अशीच कर्मणी वाक्ये त्या भाषेत अधिक आढळतात.

त्यातही मला विशेष मौज वाटते ती 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड', 'शॅल' या सहायक क्रियापदांची. ही मंडळी मोठी ताठ आहेत. कर्ता एक असो वा अनेक असोत, पुरुष असो वा स्त्री असो, त्यांचे रूप तसूभरही बदलत नाही. त्यांच्यामागे 'बी' आणि क्रियापदाचे तिसरे रूप आले, की प्रयोग सिद्ध झाला. आपले तसे नाही. दरवाजा उघडला पाहिजे, खिडकी उघडली पाहिजे, दार उघडले पाहिजे. वस्तू बदलली की आपले क्रियापद लगेच तिचे लिंग धारण करते. इंग्रजीत मात्र तिघांनाही एकच हुकूम : 'मस्ट बी ओपन्ड'. शिकणाऱ्याला हे फार सोयीचे आहे, यात शंका नाही.

पण या सोयीत काही चकवेही आहेत. ग्रंथालयाच्या नियमांत पुस्तकांविषयी 'मे बी बॉरोड' असे लिहिलेले असते, तेव्हा ती परवानगी असते. पुस्तके घरी नेता येतील, असा तिचा अर्थ. त्याच पुस्तकांविषयी कोणी 'मे बी लॉस्ट' असे म्हटले, तर ती परवानगी नव्हे! पुस्तके हरवण्याचा संभव आहे, एवढेच त्याला सांगावयाचे असते. शब्द तोच, रचना तीच. अर्थ मात्र प्रसंगावरून ओळखावा लागतो. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन निराळ्या वाटा आहेत, म्हणून आपली मुले येथे अडखळतात.

'कॅन'ची गोष्ट याहून मनोरंजक आहे. एखादे काम 'कॅनॉट बी डन' असे इंग्रजीत म्हटले, की दोष त्या कामाकडे जातो. ते कामच होण्याजोगे नाही, असे वाटते. आपल्याकडे म्हातारी आजी म्हणते, "बाई, आता माझ्याने जाते ओढवत नाही." जाते आहे तसेच आहे, थकले आहेत ते आजीचे हात. 'माझ्याने' या एका शब्दात ती स्वतःची मर्यादा किती सरळपणे सांगून जाते! आपल्या व्याकरणकारांनी अशा प्रयोगाला 'शक्य कर्मणी' असे नाव दिले आहे. हे वाक्य इंग्रजीत नेताना कर्मणी ठेवून चालत नाही. 'मी ओढू शकत नाही' अशा कर्तरीकडेच वळावे लागते. उलट, इंग्रजीतील 'कॅन बी डन' मराठीत आणताना हल्ली 'केले जाऊ शकते' असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. 'करता येते' हे दोन शब्द घरात असताना तीन पायऱ्यांचा जिना कशाला चढावा, हे मला अद्याप उमगलेले नाही. कर्त्याला 'कडून' लावून केलेल्या प्रयोगाला व्याकरणकारांनी 'नवीन कर्मणी' म्हटले आहे. तो इंग्रजीच्या सहवासातून आला म्हणून मी त्याच्यावर रागावत नाही. पाहुणा आला, तर त्याला पाट द्यावा. सगळे घर देऊ नये.

आता 'मस्ट' आणि 'शुड' यांच्याकडे वळू. मी काही वर्षे ज्या एका शाळेत होतो, तेथे व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी होती. तिच्यावर सुबक अक्षरांत पाटी लावलेली होती : 'द टँक मस्ट बी क्लीन्ड एव्हरी सॅटर्डे'. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. परंतु एका सोमवारी पाण्याला वास येऊ लागला, आणि दोन मुले पोट धरून घरी गेली. चौकशी झाली. शिपाई म्हणाला, "पाटीवर माझं नाव कुठं आहे?" मुलांना वाटत होते, की हे शिपायाचे काम. शिक्षकांना वाटत होते, की मुख्याध्यापकांनी कोणाला तरी सांगितलेच असेल. कोणीही खोटे बोलत नव्हते. टाकी 'धुतली गेली पाहिजे' हे प्रत्येकाला मान्यच होते. त्या वाक्यात धुणारा तेवढा नव्हता! त्याच आठवड्यात ती पाटी उतरली आणि दुसरी लागली. 'शनिवारी दुसऱ्या तासानंतर सातवीच्या मुलांनी टाकी धुवावी व वर्गशिक्षकांनी ती पाहावी', एवढेच तिच्यावर मराठीत लिहिले होते. नंतर पाण्याची तक्रार माझ्या कानावर आली नाही.

'शुड'च्या पोटी 'हॅव बीन' शिरले, म्हणजे तर लपंडावाची हद्द होते. पूल कोसळला, की तो 'शुड हॅव बीन रिपेअर्ड' असे म्हणावयास सगळेच पुढे येतात. दुरुस्ती व्हावयास हवी होती, हे खरेच. पण कोणी करावयास हवी होती? आरोप आहे, आरोपी नाही.

म्हणून हा प्रयोगच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. औषधाच्या डब्यावर 'शुड बी स्टोअर्ड' म्हणून थंड व कोरड्या जागेची सूचना असते, तेथे कर्ता कोण हे सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी औषध, तो. आणि एक जागा अशी आहे, की जेथे कर्त्याचे नाव न घेण्यातच वाक्याचे सारे बळ साठविलेले असते. ती जागा म्हणजे कायदा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने सिद्ध केलेली आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून संपूर्णपणे अमलात आली. तिचा चोविसावा अनुच्छेद मुलांविषयीचा आहे. चौदा वर्षांखालील कोणत्याही मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा दुसऱ्या कोणत्याही धोक्याच्या कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आहे. मूळ इंग्रजीत वाक्याची सुरुवात 'नो चाइल्ड'ने होते आणि क्रियापद आहे 'शॅल बी एम्प्लॉइड'. ठेवणारा कोण, याचा उल्लेख नाही. समजा, तेथे 'कारखान्याच्या मालकाने ठेवू नये' असे लिहिले असते, तर काय झाले असते? व्यवस्थापक म्हणाला असता, "मी मालक नव्हे." मुकादम म्हणाला असता, "मी तर नुसता माणसे पुरवितो." टाकीच्या पाटीवर कर्ता नव्हता, म्हणून सगळे सुटले, येथे कर्ता नाही, म्हणून कोणालाच सुटता येत नाही. काम करावयाचे असते, तेथे ते कोणी करावे हे सांगावे लागते. काम निषिद्ध असते, तेथे सर्वांनाच दार बंद करावे लागते.

हे 'शॅल' मराठीत आणताना मोठी दक्षता घ्यावी लागते. 'ठेवले जाणार नाही' असे म्हटले, तर ते उद्या शाळा भरणार नाही, अशासारखे वाटते; जणू कोणी भविष्य सांगत आहे. कायदा भविष्य सांगत नाही, तो बजावतो. 'ठेवता कामा नये' यात ती जरब आहे. इंग्रजीत मात्र 'शॅल' एकटाच दोन्ही कामे करतो.

वर्गात एकदा मी मुलांना १९८६ चा बालकामगार प्रतिबंध व नियमन अधिनियम दाखविला. पूर्वी त्यातील बंदी काही ठरावीक धंद्यांपुरती होती; २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन ती सर्व धंद्यांना लागू झाली. शाळा सांभाळून, धोका नसलेल्या कामात घरच्यांना मदत करणे, किंवा कलावंत म्हणून काम करणे, असे थोडे अपवाद तेवढे राहिले. त्याच्या तिसऱ्या कलमात 'शॅल बी एम्प्लॉइड ऑर पर्मिटेड' अशी शब्दयोजना आहे. कामावर ठेवू नये आणि करूही देऊ नये! म्हणजे "मी ठेवले नाही, पोरगा आपण होऊनच कपबशा विसळतो," असे म्हणण्याची सोय उरली नाही. पण खरी गंमत पुढे चौदाव्या कलमात आहे. तेथे शिक्षा सांगावयाची वेळ येताच वाक्याचा आरंभ 'हूएव्हर' या शब्दाने होतो. 'जो कोणी' मुलाला कामावर ठेवील किंवा काम करू देईल, त्याला सहा महिने ते दोन वर्षे कारावास, किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तिसऱ्या कलमात दिसेनासा झालेला कर्ता चौदाव्यात कान धरून उभा केला आहे!

मुलांना हे ऐकून हसू आले. एक मुलगी मात्र हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, 'जो कोणी' यात आईवडीलही येतात का? घरात पैसे नसले म्हणून त्यांनी पाठवलं तर?"

मी तिला त्याच कलमाच्या खालचा मजकूर वाचावयास दिला. आईवडिलांचा विचार तेथे निराळा केलेला आहे. पैसे मिळविण्याच्या धंद्यासाठी त्यांनी मुलाला कामाला लावले असेल, तरच त्यांना शिक्षा. एरवी 'शॅल नॉट बी पनिश्ड'. "म्हणजे पुन्हा कर्मणी," ती म्हणाली. मी म्हटले, "होय. आणि शिक्षा कोणी करावयाची नाही, ते येथेही लिहिलेले नाही. पोलिसाने नाही, न्यायाधीशाने नाही, कोणीच नाही." तिने ते कलम पुन्हा एकदा सावकाश वाचले आणि विचारले, "पण सर, धंद्यासाठी म्हणजे किती पैशांसाठी?" मग त्या तासाला व्याकरण तसेच राहिले, आणि आम्ही त्या प्रश्नाविषयीच बोलत बसलो.