नाव नव्हे, गुण पाहावा

पूर्वी दहावी उत्तीर्ण होऊन वसतिगृह सोडणारी मुले आम्हांस विचारीत, "सर, पुढे कोणत्या कॉलेजात जाऊ?" अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो, "सर, कॉम्प्युटर कोणता घेऊ?" आणि मुलाच्या पाठीमागे उभे असलेले वडील हळूच म्हणतात, "गुरुजी, त्याला नुसते गेम खेळायचेत. तुम्हीच समजवा." आमचा विषय इतिहास, यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. तरीही हा प्रश्न शाळेच्या स्मरणिकेत मांडण्याच्या योग्यतेचा आहे, असे आम्हांस वाटते. कष्टाचा पैसा कोणाच्या शब्दावर विश्वासून खर्च करावा, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीसाठी संगणक निवडण्याचे काम आमच्याकडे आले. तिला चित्रे काढावयाची होती, त्रिमित चलचित्रे तयार करावयाची होती, चित्रफितींचे संपादन शिकावयाचे होते. धाकट्या भावाला अर्थातच खेळ हवे होते. आई अंगणवाडीत मदतनीस. तिने बचत गटातून ५०,००० रुपये उचलले होते व त्याची फेड २४ हप्त्यांत व्हावयाची होती. बचत गटाचा पैसा म्हणजे वाडीतल्या दहा-बारा बायांनी पोटाला चिमटा घेऊन साठविलेला पैसा. निवड चुकली असती तर यंत्र कोपऱ्यात पडले असते आणि हप्ते मात्र चालूच राहिले असते.

एका दुकानाने तिला आधीच चिठ्ठी लिहून दिली होती : "आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग कॅबिनेट." काचेची बाजू, आत रंगीत दिव्यांचे पंखे, आणि किंमतही हाताशी येणारी. आम्ही तिला तीन प्रश्न विचारून यावयास सांगितले. प्रोसेसर कितव्या पिढीचा? मदरबोर्डाचा चिपसेट कोणता? ग्राफिक कार्डाचे पूर्ण नाव काय? उत्तरे आली. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा. मदरबोर्ड एच ६१, ती रचना २०११ची. ग्राफिक कार्ड जीटी ७३०, बाजारात आले २०१४ मध्ये. त्या कार्डावरील '४ जीबी' ही केवळ साठवणीची मापे. चित्र घडविण्याची ताकद त्यात फारशी नाही. शिवाय आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याउलट २०२२चा आय थ्री १२१०० हा नावाने धाकटा. पण बहुतेक सर्व कामांत तो त्या जुन्या 'आय सेव्हन'ला सहज मागे टाकतो.

नावावरून थोर-लहान ठरविण्याची रीत आपल्या समाजाला अपरिचित नाही. तिची किंमत आपल्या कित्येक पिढ्यांनी मोजली आहे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच समजाविले होते की, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. चिठ्ठीवरच्या 'आय सेव्हन'लाही तोच न्याय लावला पाहिजे.

मग पारख करावयाची कशी? आधी काम लिहावे, मग सुटे भाग निवडावेत. तिच्या कागदावर चार कामे होती. चित्रांसाठी क्रिटा, त्रिमित चलचित्रांसाठी ब्लेंडर, संपादनासाठी केडेनलाइव्ह आणि भावाचे खेळ. यांतील प्रत्येक काम यंत्राच्या वेगळ्या अवयवावर भार टाकते. खेळांचा भार मुख्यतः ग्राफिक कार्डावर पडतो. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र तयार होताना प्रोसेसरचे सगळे गाभे राबतात. कार्ड असेल तर तेच काम कित्येक पटींनी लवकर उरकते. संपादनास रॅम व वेगवान साठवण लागते. येथेच खेळ आणि निर्मिती यांच्या वाटाही थोड्या वेगळ्या होतात. एएमडीचे आरएक्स ६६०० हे कार्ड खेळांत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५०पेक्षा सरस. पण ब्लेंडरचा विचार केला तर एनव्हिडियाच्या कार्डांना मिळणारी साथ अधिक चांगली. म्हणून 'सर्वांत चांगले कार्ड कोणते' या प्रश्नाला कामावाचून उत्तर नाही.

पडद्यासह ५०,०००च्या मर्यादेत चांगले कार्ड बसत नव्हते. हलके कार्ड घेऊन समाधान मानण्यापेक्षा आज कार्डच घेऊ नये, असे ठरले. रायझन ५ ५६००जी हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर निवडला. त्याच्या पोटातच चित्रशक्ती असते. हलके खेळ तेवढ्यावर चालतात. ही अंगभूत चित्रशक्ती रॅममधूनच उसनवारी करते; म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, म्हणजे ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. साठवणीसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेतली. पडदा आयपीएस घेतला, कारण जिला रंगांचे काम करावयाचे तिला बाजूने पाहिल्यावर रंग बदलणारा पडदा उपयोगाचा नाही. रंगीत दिव्यांवर एक रुपयाही गेला नाही. एका अवयवावर उधळण व दुसऱ्याची उपासमार, असे यंत्र कधीच नीट चालत नाही. सर्वांत दुबळा भागच त्याची चाल ठरवितो. येथेही मध्यम मार्गच उपयोगी पडतो.

आपल्या दाभोळची म्हणून एक वेगळी अट आहे. खाडीपलीकडे अंजनवेलला उभ्या राहिलेल्या वीजप्रकल्पाला जगभर नाव मिळाले ते दाभोळचे. पण वादळवाऱ्यात तारा तुटल्या की आपल्या घरातला दिवा जातोच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या तालुक्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. त्यात वीज येते तीही कधी मंद, कधी उसळून. म्हणून यंत्राला वीज पुरविणारा एसएमपीएस हा आम्ही सर्वांत आधी निवडावयाचा भाग मानला. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस नाकारून '८० प्लस ब्रॉन्झ' प्रमाणित ५५० वॅटचा घेतला. उद्या कार्ड बसविले तरी तो पुरेल. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, म्हणजे वीज गेल्यावर काम जपून ठेवण्यापुरती मिनिटे हाती राहतात. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतले. खाऱ्या, दमट हवेत धातूचे सांधे गंजतात, म्हणून यंत्र खिडकीपासून दूर ठेवले. पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालू ठेवावे, असे सांगितले.

सुटे भाग मुंबईला ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. प्रत्येक भागाचे पक्के बिल घेतले, त्यावर अनुक्रमांक लिहून घेतले आणि सीलबंद खोकी आपल्यासमोर उघडावयास लावली. जोडणी मात्र मुलीनेच केली. या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण मदरबोर्डावरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावयाचा असतो, दाबावयाचा नसतो. तिने तो ठेवला तेव्हा आईने श्वास रोखून धरला होता.

राहिला खेळांचा आक्षेप. खेळात वेळ वाया जातो, हे खरे. अभ्यासाच्या वेळेला कुंपण घालणे हे पालकांचे कामच आहे. पण खेळही कोणीतरी घडविलेला असतो. त्यात चित्रकला असते, कथा असते, संगीत असते, गणित असते. आपल्या मुलाने ते केवळ विकत घेणारा राहू नये, घडविणाराही व्हावे, असे आम्हांस वाटते. ती साधने आज मोफत मिळतात. २००२ साली जगभरच्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून १,००,००० युरो जमविले आणि ब्लेंडर सर्वांसाठी खुले करून घेतले. बचत गट चालविणाऱ्या बायांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

साधन आपल्या हाती असणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, त्यास राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. पुढे चळवळीचा स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा राहिला. आणि याच दाभोळच्या बंदरावरून माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोहोचवीत असत. त्या डोक्यांनी ओझे वाहिले. आजच्या हातांनी घडवावे, एवढीच अपेक्षा आहे.

या वर्षीच्या १४ एप्रिलला वाडीतल्या जयंतीची पत्रके, फलक आणि मिरवणुकीपुढे दाखविलेली छोटी चित्रफीत त्या मुलीने केली. शेजारच्या दोन वाड्यांनीही काम दिले. त्या पैशांतून तीन हप्ते फिटले. उरलेले हप्ते आई भरीत आहे. भाऊ रविवारी खेळतो. ग्राफिक कार्ड अजून घेतलेले नाही आणि ते कर्ज फिटल्यावरच घ्यावयाचे, असे मायलेकींनी मिळून ठरविले आहे.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती आहे. दुकानात जाण्यापूर्वी काय काम करावयाचे ते कागदावर लिहून काढा. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव व साल विचारा. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे पैसे मोजू नका. तरीही शंका राहिली तर तो कागद घेऊन शाळेत या. आपण मिळून पाहू.

जय भीम.